खुलासा : ‘सात बहिणीं’चं ते चित्र गुहेतलं नाही

‘ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींनी हजारो वर्षांपूर्वी गुहेत रंगवलेल्या कृत्तिका’ अशा मजकुरासह एक ठिपक्याठिपक्यांचं चित्र फिरतंय. परवा मीही ते दोन ग्रुपवर टाकलं. चूक माझी, तपासायला हवं होतं.

ते चित्र २०१६ सालचं आहे. लिननच्या कापडावर, अ‍ॅक्रिलिक रंगांत. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अमाता या वस्तीशी नातं असलेल्या केन घराण्यातल्या पाच सख्ख्या बहिणींनी एकत्र बसून ते काढलं. सिडनीच्या आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्सतर्फे दिलं जाणारं विन पारितोषिक (निसर्गचित्रांसाठीचा पुरस्कार) त्याला त्याच वर्षी मिळालं. गॅलरीच्या नोंदीत चित्राच्या फोटोखाली हे दिसतं. मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले.

गोंधळ कुठून झाला असेल, तेही कळतं. चित्रातली कथा खरोखरच फार जुनी आहे. न्यीरू नावाचा, रूपं बदलणारा पुरुष सात बहिणींच्या मागे लागतो. त्या वाळवंटभर पळतात, शेवटी आकाशात जाऊन तारे होतात. त्यांनाच आपण कृत्तिका म्हणतो, तेवढा भाग मेसेजमध्ये बरोबर आहे. पण पश्चिम वाळवंटातल्या कलाकारांची ही अ‍ॅक्रिलिक चित्रकला मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या या वस्तीत १९७१ च्या सुमारास सुरू झाली, तीही पुरुषांकडून. बायका बहुतांशी नंतर आल्या.

‘अज्ञात आदिवासी’ म्हटलं की या पाच जणींचं श्रेयच जातं, मला तेच जास्त खटकलं. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.