थकबाकी साचते कशी? काउन्सिलचं भाडं आणि म्हाडाचं सेवाशुल्क

मुंबईतल्या म्हाडाच्या 56 वसाहतींचा सेवाशुल्काचा वाद आता बहुतेकांना पाठ झाला असेल. 1998 पासूनचं वाढीव शुल्क म्हाडा मागते. रहिवासी विचारतात, हे पैसे नेमके कशाचे? तोवर थकबाकीवर व्याज चढत जातं. मग व्याजमाफीची अभय योजना येते आणि शेवटी 2023 मध्ये वाढीव शुल्कच माफ करण्याची घोषणा होते. रहिवाशांची मान सुटली, बरं झालं. पण इतक्या वर्षांत कोणत्या वसाहतीत पंपाला, रस्त्यावरच्या दिव्यांना, सफाईला किती पैसे लागले, हा हिशोब त्या वादाच्या मध्यभागी कधी आलाच नाही. भांडण रकमेवर झालं, पावत्यांवर झालं नाही.

इंग्लंडमध्येही सरकारी घरांवरून भांडणं होतात आणि ती कमी कडवट नसतात. फक्त ती वेगळ्या जागी होतात. ती जागा समजून घेण्यासारखी आहे. इथलं सगळं आदर्श आहे म्हणून नव्हे. त्यातला एक नियम आपल्याकडे असता तर 56 वसाहतींचा प्रश्न उभाच राहिला नसता, म्हणून.

आधी व्यवस्था. इंग्लंडमध्ये स्थानिक काउन्सिलांच्या (आपल्या नगरपालिकांसारख्या संस्थांच्या) मालकीची साधारण 16 लाख घरं आहेत. त्यांचा जमाखर्च काउन्सिलच्या इतर पैशांपासून वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, त्याला हाउसिंग रेव्हेन्यू अकाउंट म्हणतात. 1989 च्या कायद्याने या खात्याभोवती कुंपण घातलं: घरभाड्याचे पैसे ग्रंथालयाला किंवा रस्त्यांना वापरता येत नाहीत, आणि खात्यात तूट येईल असं अंदाजपत्रकही मांडता येत नाही. 2012 पासून हे खातं पूर्णपणे स्वतःच्या पायावर आहे. जुनं कर्ज, दुरुस्त्या, नवी घरं, कर्मचाऱ्यांचे पगार, सगळं भाड्यातूनच.

भाडंवाढीचं वेळापत्रक दरवर्षी तेच असतं. सप्टेंबरचा महागाई निर्देशांक ऑक्टोबरच्या मध्यावर जाहीर होतो. त्यावरून अधिकारी हिवाळ्यात अंदाजपत्रक बांधतात, जानेवारी-फेब्रुवारीत ते सभागृहात मंजूर होतं, आणि फेब्रुवारी संपण्याच्या सुमारास भाडेकरूंच्या घरी पत्रं पडतात, कारण कायद्याने किमान चार आठवड्यांची नोटीस लागते. नवं भाडं एप्रिलच्या पहिल्या सोमवारी लागू होतं. सोमवारी, कारण भाडं आठवड्याचं असतं. काही काउन्सिलं वर्षाचं भाडं 48 आठवड्यांत वसूल करतात आणि नाताळात व मार्चअखेर ‘बिनभाड्याचे’ आठवडे देतात. त्यात सूट काहीच नसते, पण दरवर्षी कुणीतरी फसतंच.

आता मूळ भाडं. ते 2002 पासून एका सूत्रावर ठरतं. राष्ट्रीय सरासरी भाडं, एप्रिल 2000 चं, 54.62 पौंड आठवड्याला. त्याचा 70 टक्के भाग त्या परगण्यातल्या कमाईच्या प्रमाणात आणि खोल्यांच्या गुणांकाने बदलतो; उरलेला 30 टक्के भाग घराच्या जानेवारी 1999 मधल्या किमतीच्या प्रमाणात. गुणांक एका बेडरूमला 0.90, दोनला 1.00, तीनला 1.05. समजा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, परगण्याची कमाई राष्ट्रीय सरासरीपेक्षा 10 टक्के जास्त आणि 1999 ची किंमत 70,000 पौंड (राष्ट्रीय सरासरी 49,750). पहिला भाग 42.06 पौंड, दुसरा 23.06, मिळून 65.12 पौंड. हे झालं 2000 सालच्या दराने. त्यावर दरवर्षीच्या वाढी चढवत आजपर्यंत यायचं. शिवाय खोल्यांच्या संख्येनुसार कमाल मर्यादा आहेत, त्या महागड्या भागांत उपयोगी पडतात.

या सूत्राची खुबी अशी की भाडं बाजारावर सोडलेलं नाही आणि नगरसेवकाच्या मर्जीवरही नाही. खोट अशी की सगळं 1999 मध्ये गोठलेलं आहे. पूर्व लंडनमधले जे भाग तेव्हा गरीब होते आणि आज तिथे कॉफीच्या दुकानांसमोर रांगा लागतात, तिथल्या काउन्सिल-घराचं भाडं अजून जुन्या किमतीचं बोट धरून चालतं. मला ते गैर वाटत नाही. भाडेकरूचा पगार त्या कॉफीबरोबर वाढलेला नसतो. पण मुंबईकराने इथे कान टवकारावेत. बॉम्बे रेंट अॅक्टने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली, 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवणं अवाजवी ठरवलं, आणि मग 1999 च्या कायद्यात वर्षाला 4 टक्के वाढीची तरतूद आली. तोपर्यंत दुरुस्तीला पैसा न उरलेल्या इमारती टेकूवर उभ्या होत्या. इंग्लंडने किमती गोठवल्या, पण वार्षिक वाढ चालू ठेवली. फरक तेवढाच आणि तोच महत्त्वाचा.

तरी राजकारणी हात घालतातच. 2016 पासून चार वर्षं केंद्र सरकारने भाडं दरवर्षी 1 टक्क्याने कमी करायला लावलं. घोषणा सरकारची, खड्डा काउन्सिलांच्या खात्यात. छपरं आणि लिफ्ट बदलण्याची कामं पुढे ढकलली गेली. 2020 पासून महागाई अधिक 1 टक्का हा नियम आला. पण सप्टेंबर 2022 चा निर्देशांक 10.1 टक्के निघाल्यावर 11.1 टक्क्यांऐवजी 7 टक्क्यांची मर्यादा घातली. आता यातली मेख पाहा. 7 टक्क्यांची मर्यादा राहत्या भाडेकरूला होती, सूत्राचं भाडं मात्र 11.1 टक्क्यांनीच वाढलं. म्हणजे ज्याचं भाडं सूत्राप्रमाणे 100 पौंड होतं त्याचं 107 झालं, आणि तसंच शेजारचं घर रिकामं होऊन नव्या माणसाला दिलं तर 111.10. एकाच जिन्यावर, एकसारख्या घरांना दोन भाडी. भाडेकरूला हे कुणी समजावून सांगत नाही, आणि मग तो समजतो की शेजाऱ्याला वशिल्याने स्वस्त मिळालं.

सर्व्हिस चार्ज भाड्यापासून वेगळा. त्यात जिन्याची सफाई, सामायिक वीज, लिफ्ट, बाग, केअरटेकर, दाराचा इंटरकॉम, सामायिक अँटेना येतं. सामायिक बॉयलर असेल तर घरातली उष्णता आणि गरम पाणीही. हे वेगळं लिहिण्यामागे एक व्यवहारी कारण आहे: जो भाडेकरू सरकारी मदतीवर भाडं भरतो त्याला जिन्याची सफाई आणि लिफ्ट यांचे पैसे मदतीत मिळतात, पण स्वतःच्या घरातली उष्णता आणि पाणी यांचे मिळत नाहीत. काउन्सिलने सगळं एका आकड्यात कोंबलं की गरिबाचं नुकसान होतं.

चुका कुठे होतात ते बिलं वाचणाऱ्यांना माहीत असतं. एका फ्लॅटच्या आत फुटलेल्या नळाची दुरुस्ती ‘ब्लॉक दुरुस्ती’ म्हणून नोंदली जाते आणि साठ घरांत वाटली जाते. जिन्याच्या विजेचं मीटर शेजारच्या ब्लॉकलाही वीज देत असतं. मचाण छपरासाठी एकदा आणि खिडक्यांसाठी पुन्हा लागतं, दोन्हींचे पैसे लागतात. केअरटेकर आठवड्याला दोन तास येतो आणि हिशोबात चार दिसतात. वाटपाची पद्धतही जागोजाग निराळी: कुठे समान, कुठे जुन्या करमूल्यावर, कुठे प्रत्येक घराला ठरावीक गुण आणि बेडरूममागे एक जादा. लीजमध्ये जे लिहिलंय तेच चालतं. तळमजल्यावाल्याने लिफ्टचे पैसे भरायचे की नाही हेही तिथेच ठरतं.

लीज म्हणजे काय, ते सांगायला हवं. 1980 च्या कायद्याने काउन्सिलच्या भाडेकरूंना घरं सवलतीत विकत घेता येऊ लागली. फ्लॅट घेणारा लीजहोल्डर होतो. भिंती, छप्पर, जिना काउन्सिलचाच राहतो. म्हाडाच्या ज्या रहिवाशांनी घरं विकत घेतली आणि सेवाशुल्क भरत राहिले, त्यांचं इथलं प्रतिरूप हेच. या माणसाला 1985 च्या कायद्याचं संरक्षण आहे. खर्च वाजवी असला पाहिजे. वर्षाच्या सुरुवातीला अंदाज, वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष खर्च, आणि फरक जमा किंवा वसूल. हिशोबाचा गोषवारा मागता येतो आणि तो मिळाल्यापासून सहा महिन्यांत मूळ पावत्या पाहायला मागता येतात. त्या महिनाभरात दाखवणं बंधनकारक आहे.

आणि तो नियम: खर्च झाल्यापासून 18 महिन्यांत मागणी केली नाही, किंवा ‘इतका खर्च झालाय, तुमच्याकडून घेणार आहोत’ असं लेखी कळवलं नाही, तर तो पैसा बुडाला. काउन्सिलचा बुडाला. 1998 चा पंप 2021 मध्ये आठवला, असं इथे म्हणताच येत नाही. अभय योजनेची गरज पडत नाही, कारण माफ करण्याइतकं जुनं काही उरतच नाही. हिशोबनीसाला दरवर्षी हिशोब पुरा करावाच लागतो, नाहीतर त्याच्या साहेबाला उत्तर द्यावं लागतं. माफीचा जीआर काढणं सोपं, हा नियम करणं अवघड, कारण हा नियम अधिकाऱ्यांना बांधतो.

मोठ्या कामांना आणखी एक पायरी आहे. कुणाही लीजहोल्डरवर 250 पौंडांहून जास्त बोजा येणार असेल तर आधी कामाची नोटीस आणि 30 दिवस हरकतींना. मग किमान दोन अंदाजपत्रकं, त्यातलं एक काउन्सिलशी संबंध नसलेल्याचं, आणि पुन्हा 30 दिवस. हे टाळलं तर माणशी 250 पौंडच वसूल होतात. 2013 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने यातली धार जरा बोथट केली: नोटीस चुकली तरी लीजहोल्डरचं प्रत्यक्ष नुकसान काय झालं ते पाहा, असं म्हटलं. उलट लंडनमधल्या हाउन्स्लो काउन्सिलच्या आयव्हीब्रिज वसाहतीच्या प्रकरणात, जिथे एका लीजहोल्डरला 55 हजार पौंडांहून मोठं बिल आलं होतं, 2017 मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की काम दुरुस्तीपलीकडचं सुधारणेचं असेल तर लीजहोल्डरांची ऐपत आणि स्वस्त पर्याय यांचा विचार करावाच लागेल.

या सगळ्यात एक मोठं भगदाड आहे. वर सांगितलेलं संरक्षण काउन्सिलच्या साप्ताहिक भाडेकरूला नाही. तो कायद्यात स्पष्टपणे वगळला आहे. त्याच जिन्यावर, त्याच लिफ्टसाठी, एक माणूस पावत्या मागू शकतो आणि शेजारचा नाही. इतकंच काय, घरांच्या व्यवस्थापनाबाबत भाडेकरूंशी सल्लामसलत करण्याचं बंधन काउन्सिलवर आहे, पण त्यातून भाडं आणि सेवेचे आकार वगळले आहेत. भाडेकरूंच्या समित्या असतात, त्यांचं ऐकूनही घेतात, बंधन मात्र नाही. लंडनच्या सदर्क भागात पाण्याचे पैसे काउन्सिल भाड्याबरोबर गोळा करत असे आणि पाणी कंपनीकडून मिळणारी सूट स्वतःकडे ठेवत असे. 2016 मध्ये एका भाडेकरूच्या खटल्यात उच्च न्यायालयाने काउन्सिलला पाण्याचा पुनर्विक्रेता ठरवलं, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आकारण्याचा हक्क गेला, आणि हजारो भाडेकरूंना पैसे परत करावे लागले. तोपर्यंत वर्षानुवर्षं ते गपचूप भरलं गेलं, कारण बिलाच्या मागची पावती पाहायचा हक्कच नव्हता.

लंडनच्या आसपास जुने काउन्सिल-फ्लॅट विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या कमी नाही. खोल्या मोठ्या, भाव तुलनेने कमी. त्यांनी वकिलामार्फत तीन गोष्टी मागाव्यात: गेल्या तीन वर्षांचे प्रत्यक्ष खर्चाचे हिशोब (अंदाज नव्हेत), मोठ्या कामांच्या निघालेल्या नोटिसा, आणि काउन्सिलचा पुढच्या पाच वर्षांचा छपरं-खिडक्या-लिफ्टचा आराखडा. चौथा प्रश्न बरेच जण विचारत नाहीत: लीजमध्ये राखीव निधीची तरतूद आहे का? बहुतेक काउन्सिल-लीजमध्ये नसते. म्हणून वीस वर्षं बिल सौम्य येतं आणि एकविसाव्या वर्षी तीस हजारांचं येतं.

या बाबतीत महाराष्ट्राचं डोकं जास्त ठिकाणावर आहे. सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींत सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के आणि दुरुस्ती निधी 0.75 टक्के सांगितला आहे. 15 लाख बांधकाम खर्चाच्या घराला सिंकिंग फंडाचे वर्षाला 3,750 रुपये, महिन्याला 312. कितीतरी सोसायट्या सर्वसाधारण सभेत ही रक्कम अर्ध्यावर आणतात, ती गोष्ट वेगळी. नियम तरी कागदावर आहे.

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांतून 500 चौरस फुटांत, चाळीतून 40 मजली इमारतीत. तिथे लिफ्ट, अग्निशमनाचे पंप, पाण्याचे पंप, जनरेटर हे सगळं चाळीच्या भाड्याच्या कैकपट खर्चाचं आहे, आणि आज ना उद्या ते रहिवाशांच्याच सोसायटीवर येणार. चर्चा सध्या महिन्याचा मेंटेनन्स किती, सरकार किती वर्षं भरणार, याभोवती फिरते. ती व्हायला हवीच. पण पहिल्या वर्षापासून दोन कागद दारात पडायला हवेत: एकावर इमारतवार प्रत्यक्ष खर्च, दुसऱ्यावर लिफ्ट कोणत्या साली बदलावी लागेल आणि त्यासाठी किती साठले आहेत. ते कागद 18 महिन्यांत आले नाहीत तर ती वसुली रद्द, एवढं एक कलम ताबा देतानाच्या करारात घालायला म्हाडाला कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागू नये.