शिक्का वाटीवर आहे, बैठकीवर नाही: फ्रेंच चषकांविषयीच्या फॉरवर्डला उत्तर

जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या ग्रुपांवर फ्रान्समधली चर्चची पात्रं ‘दोन मिनिटांत ओळखण्याच्या खुणा’ फिरत असतात. त्यांचा मथितार्थ असा: मिनर्व्हा या रोमन देवीच्या मुखाचा शिक्का दिसला की चषक आख्खा चांदीचा. टोकदार कमानींचा गॉथिक घाट असेल तर तो फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधीचा. निळा मीना, म्हणजे धातूवर भाजून बसवलेली रंगीत काच, दिसला की तो फ्रान्समधल्या लिमोज शहरचा, म्हणजे बारावं-तेरावं शतक. एकोणिसाव्या शतकातला माल यंत्रावर काढलेला, म्हणून कवडीमोल. आणि शेवटी सल्ला: घासून लख्ख करा, खालून सोनं उजळलं तर माल खरा.

पाचही विधानं चुकीची आहेत, आणि शेवटचं तर घातक आहे. या सगळ्यांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. मिस्सेचा, म्हणजे कॅथलिक उपासनेत द्राक्षारसासाठी वापरायचा, चषक हे एका पत्र्यातून काढलेलं अखंड भांडं आहे, असं धरून चाललेलं आहे. प्रत्यक्षात ती पाच-सहा तुकड्यांची जुळणी असते: वाटी, वाटीला बाहेरून धरणारी जाळीदार वाटी, दांडा, दांड्याच्या मध्यावरची गाठ, बैठक, आणि या सगळ्यांना आतून ओवणारी आट्यांची सळई व तिचा बैठकीखालचा नट. प्रत्येक तुकड्याचा धातू वेगळा असू शकतो, बनवण्याची रीत वेगळी असू शकते, आणि वयसुद्धा.

आधी मिनर्व्हा. शिरस्त्राण घातलेल्या या देवीचं मुख फ्रान्सच्या सरकारी पारख कार्यालयांनी १८३८ पासून चांदीसाठी वापरायला घेतलं. त्याआधी १८१९ ते १८३८ म्हाताऱ्याचं डोकं होतं आणि १७९८ पासून १८१९ पर्यंत कोंबडा. म्हणजे मिनर्व्हा दिसली तर तो तुकडा १८३८ च्या आधी पारखलेला नाही, एवढं नक्की. पुढे भिंगातून आकडा शोधायचा. कपाळासमोर १ असेल तर हजारात ९५० भाग चांदी. हनुवटीखाली २ असेल तर ८००. आपली नजर ९२५ ला सरावलेली असल्यामुळे हा फरक नजरेतून सुटतो, आणि ८०० च्या तुकड्याला ९५० चा भाव लावला जातो. लहान तुकड्यांवर मिनर्व्हा मावत नाही. तिथे पॅरिसमध्ये रानडुकराचं डोकं आणि इतर प्रांतांत खेकडा मारत. खेकडा दिसला म्हणून ‘हे चांदीचं नव्हे’ असं म्हणणंही तितकंच चूक.

पण मोठी चूक पुढची आहे. शिक्का ज्या तुकड्यावर मारला आहे, त्या तुकड्यापुरताच तो बोलतो. कॅथलिक चर्चच्या जुन्या नियमानुसार द्राक्षारस जिथे टेकतो ती वाटी सोन्याची किंवा चांदीची हवी, आणि चांदीची असेल तर आतून सोन्याचा मुलामा हवा. पॅटनला, म्हणजे भाकरीच्या उथळ तबकडीलाही तेच लागू. दांडा आणि बैठक मात्र हलक्या धातूची चालत असे. त्यामुळे बेताच्या ऐपतीचं गाव चांदीची वाटी आणि मुलामा दिलेल्या तांब्या-पितळेची बैठक मागवी. यात फसवणूक काहीच नव्हती. कारखानदारांच्या छापील सूचीत एकाच नमुन्यापुढे ‘फक्त वाटी चांदीची’ आणि ‘सर्व चांदी’ असे दोन भाव सरळ लिहिलेले असत. फसवणूक होते ती आज, वाटीच्या कडेवरच्या शिक्क्याचा फोटो टाकून आख्ख्या चषकाचं वजन चांदीच्या भावाने मोजलं जातं तेव्हा.

म्हणून चषक उघडून पाहायला हवा. मऊ कापडावर तो उपडा ठेवा. बैठकीच्या आत नट दिसेल. जुना नट बहुधा चौकोनी किंवा गोल खाचांचा असतो, षटकोनी नट म्हणजे बहुधा नंतरची दुरुस्ती. उघडण्याआधी बैठकीवरच्या क्रुसाची दिशा आणि वाटीची दिशा यांचा फोटो काढा, नाहीतर जोडताना नक्षी एकमेकींसमोर येत नाही. नट हलत नसेल तर पातळ तेलाचा एक थेंब सोडून दिवसभर थांबा. गाठ एका हाताने आणि वाटी दुसऱ्या हाताने धरून पिळण्याचा मोह आवरा. त्या पिळाने दांड्याची मान मुरगळते आणि डाक दिलेला सांधा फाटतो. तुकडे सुटे झाले की प्रत्येकाची कड, बैठकीचा काठ आणि आतली न उजळलेली बाजू भिंगातून तपासा. हिरवट थर तांब्या-पितळेचा, काळसर थर चांदीचा. आतल्या बाजूला उघडा धातू लालसर किंवा पिवळा असेल तर प्रश्न तिथेच मिटतो.

तरी शंका उरली तर पाण्यातलं वजन घ्या, पण फक्त सुट्या, पोकळी नसलेल्या आणि मीना वा खडे नसलेल्या तुकड्याचं. समजा बैठक २१० ग्रॅम भरली. दोऱ्याने टांगून पूर्ण बुडवल्यावर वजन साधारण २० ग्रॅमने घटलं तर घनता १०.४ च्या आसपास, म्हणजे ९५० ची चांदी. घट २५ ग्रॅमच्या जवळ गेली तर घनता ८.५ च्या आसपास, म्हणजे पितळ. गाठ बहुधा पोकळ असते आणि आत हवा अडकते, म्हणून तिच्यावर हा हिशेब चालत नाही. वर आत शिरलेलं पाणी महिनोन्‌महिने सुकत नाही. चाचणी झाली की बैठक लगेच कोरडी करा. जोडताना नट बोटांच्या जोराने बसवा. पान्याने आवळला तर जाळीदार वाटीचा तळ चेपतो आणि बैठकीवर मीना असेल तर तडकतो.

घाटाचा मुद्दा याच उघडलेल्या तुकड्यांवर निकालात निघतो. १७९७ च्या कायद्याने कारागिराची खूण उभ्या चौकटच्या आकारात, आपल्या पत्त्यांतल्या चौकटसारख्या आकारात, मारणं सक्तीचं झालं. आत आद्याक्षरं आणि एक छोटं चिन्ह. हलक्या धातूवर चांदी-सोन्याचा पातळ थर चढवलेल्या मालासाठी हाच आकार चौरस. क्रांतीपूर्व पॅरिसमधल्या कारागिराच्या खुणेत वर मुकुट घातलेलं लिलीचं फूल असे. तेव्हा पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची खूण दिसली की, कमानी कितीही टोकदार असोत, तो तुकडा राज्यक्रांतीआधीचा नाही. आट्यांची सळई दिसली तर ती जुळणी मध्ययुगीन नसावी. मध्ययुगीन जोड डाक, खिळी आणि रिव्हेट यांनी केलेले असत.

क्रांतीआधीचं इतकं मुबलक उरलंच कसं, हाही प्रश्न विचारावा. चौदाव्या लुईने युद्धाच्या खर्चासाठी चांदी टाकसाळीत वळवली होती. २ नोव्हेंबर १७८९ ला चर्चची मालमत्ता राष्ट्राची झाली आणि पुढच्या काही वर्षांत गावोगावची पात्रं वितळली. वाचलेली मोजकी आहेत आणि ती कुठे आहेत ते माहीत आहे. पॅरिसजवळच्या सँ-दनी मठाचा मठाधिपती स्युजेर याचा चषक आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याची सार्डोनिक्स या पट्टेदार रत्नदगडाची वाटी ख्रिस्तपूर्व काळातली आणि सोनेरी चांदीची जडण बाराव्या शतकातली, म्हणजे एका पात्रात दोन वयं. संत रेमीचा बाराव्या शतकातला सोन्याचा चषक रँसला आहे. काँक गावची संत फोआची मूर्ती, लाकडी गाभ्यावर सोन्याचा पत्रा चढवलेली, गावकऱ्यांमुळे तरली. असा माल ऑनलाइन लिलावात ‘आजीच्या कपाटातून’ म्हणून येत नाही.

गॉथिक घाटाचं पुनरुज्जीवन हा एकोणिसाव्या शतकाचाच उद्योग आहे. नेपोलियन आणि पोप यांच्यातल्या १८०१ च्या करारानंतर पूजा पुन्हा सुरू झाली आणि हजारो वेद्या रिकाम्या होत्या. मागणी प्रचंड होती. सुरुवातीचा घाट रोमन वळणाचा होता. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमधल्या, ख्रिस्ताचा मानल्या जाणाऱ्या काटेरी मुकुटासाठी जाँ-शार्ल काइए याने १८०६ मध्ये केलेली अवशेषपेटी, म्हणजे पवित्र अवशेष ठेवण्याची पेटी, पाहा. त्याच मुकुटासाठी १८६२ मध्ये नवी पेटी झाली. आराखडा वास्तुकार व्हिऑले-ल्-द्युकचा, काम प्लासिद पुसिएल्ग-र्‍यूझां याचं, आणि घाट तेराव्या शतकाचा. छपन्न वर्षांत घाट सहाशे वर्षं मागे गेला. त्यामुळे घाटावरून तारीख सांगणं फोल आहे.

मीना हा या सगळ्यात मला सर्वांत जिव्हाळ्याचा भाग, म्हणून थोडं थांबून सांगतो. लिमोजचा मध्ययुगीन मीना बहुतांशी तांब्यावर आहे, चांदीवर नव्हे. दोनेक मिलिमीटर जाड, शुद्ध तांब्याचा पत्रा घेऊन त्यात छिन्नीने खळगे कोरायचे आणि मध्ये बारीक भिंती ठेवायच्या. काचेची पूड पाण्याने वारंवार धुऊन, ओलीच खळग्यांत भरायची, वाळवायची आणि ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजायची. काच वितळली की खाली बसते, म्हणून पुन्हा भरायची, पुन्हा भाजायची. दोन-तीन फेऱ्या तरी होतात. मग दगडाने पाण्यात घासून काच आणि धातू एका पातळीत आणायचे. मुलामा सगळ्यात शेवटी, कारण पाऱ्याच्या मुलाम्याला त्याहून कितीतरी कमी उष्णता लागते आणि तयार मीना तेवढ्याने वितळत नाही. पूड नीट धुतली नाही तर रंग ढगाळ होतो. ओलसर असतानाच भट्टीत घातली तर वाफ होऊन उडते. तांब्याऐवजी जस्त असलेलं पितळ घेतलं तर काचेत बुडबुडे येतात आणि थर सुटतो.

याच रीतीने इंग्लंडमधल्या कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट याच्या अवशेषपेट्या झाल्या. बेकेटचा खून ११७०, संतपद ११७३, आणि पुढची काही दशकं लिमोजच्या भट्ट्यांतून त्या पेट्या बाहेर पडत होत्या. लूव्हरमधल्या सिबोरियमवर, म्हणजे पवित्र भाकर ठेवण्याच्या झाकणाच्या पात्रावर, गुरू जी. आल्पे याने आपलं नाव आणि लिमोजचं नाव कोरलेलं आहे. पण निळा मीना ही लिमोजची मक्तेदारी कधीच नव्हती. म्यूज नदीकाठच्या कारागिरांची परंपरा तितकीच समर्थ होती. व्हेर्दूंच्या निकोलसने ११८१ मध्ये ऑस्ट्रियातल्या क्लोस्टरनॉयबुर्गसाठी केलेलं काम याच खळग्यांच्या रीतीचं आहे. आणि खुद्द लिमोजमध्येही रीत पालटली. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे सपाट तांब्यावर कुंचल्याने रंगवलेला मीना होऊ लागला. लेओनार लिमोझँची पॅरिसच्या सँत-शापेल चर्चसाठीची वेदीचित्रं १५५३ ची आहेत. त्यात खळगे नाहीत, भिंती नाहीत. म्हणजे ‘लिमोज’ हा एक शब्द दोन वेगळ्या विद्यांना आणि किमान तीन शतकांच्या अंतराला झाकतो. तुमच्या चांदीच्या चषकावर गोल पदकांत निळा मीना असेल तर तो एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिस किंवा ल्योंचा असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

आता यंत्राचा आरोप. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. पत्र्याची चकती लेथवर लाकडी साच्यावर दाबून वाटी काढणं, ठशावर बैठकीची नक्षी उठवणं, विजेने मुलामा देणं हे सगळं त्या काळी झालं. स्वस्त चषक असेच होत. पण त्याच कार्यशाळेत बैठक राळेवर ठेवून हाताने नकसली जाई, पुतळ्या ओतून छिन्नीने साफ केल्या जात, मीना भट्टीत भाजला जाई. ल्योंच्या तोमा-जोझेफ आर्मां-कालियाचं काम पाहावं. वास्तुकार पिएर बोसाँच्या आराखड्यांवर त्याने केलेल्या पात्रांत उठावाचं काम, कोरीव काम आणि मीना एकाच बैठकीवर एकत्र येतात. त्याला यंत्रमाल म्हणणं अन्यायाचं आहे. विसाव्या शतकात रौप्यकार जाँ प्युइफोर्काने नक्षी पूर्ण काढून टाकली आणि घाटाच्या शुद्धतेवर चषक उभा केला. हातकाम तपासायचं तर एकाच बैठकीवरच्या दोन पाकळ्या भिंगाखाली शेजारी पाहा. ठशाच्या पाकळ्या ओरखड्यासकट सारख्या असतात, नकसलेल्या कधीच नसतात.

मुलाम्याविषयी फॉरवर्ड तर थेट नुकसान करतो. जुना मुलामा वर्खाचा नव्हे, पाऱ्याचा. सोनं पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा लेप करत, तो पृष्ठभागावर पसरत आणि तापवून पारा उडवत. मग अगेटच्या, म्हणजे अकीक दगडाच्या, घोट्याने घोटत. त्या वाफेने कारागीर थरथरत मरत. कांस्यकार राव्रिओने मरणापूर्वी ३,००० फ्रँकचं बक्षीस ठेवलं, आणि १८१८ मध्ये ते रसायनतज्ज्ञ दार्से याला वाफ ओढून नेणाऱ्या भट्टीसाठी मिळालं. विजेचा मुलामा १८४० नंतरचा. फ्रान्समधले हक्क कारखानदार क्रिस्तोफ्लने १८४२ मध्ये घेतले. लपलेल्या कोपऱ्यांत कुंचल्याचे फटकारे आणि अर्धवट डाग दिसले तर मुलामा पाऱ्याचा, सर्वत्र एकसारखी पातळ झिलई दिसली तर विजेचा.

बाहेर मुलामा झिजलेला आणि वाटीच्या आत मात्र नवाकोरा, याला ‘छेडछाड’ म्हणू नका. आतला मुलामा झिजला की पुन्हा चढवणं हे चर्चचं कर्तव्य होतं, आणि कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेनुसार मुलामा झिजल्याने किंवा नवा चढवल्याने चषकाचं पावित्र्य जात नसे.

घासायचं तर मुळीच नाही. उरलेल्या सोन्याचा थर मायक्रॉनमध्ये मोजायचा असतो, आणि प्रत्येक घासणीत तो आधी उंचवट्यांवरून, म्हणजे चेहरे आणि अक्षरांवरून जातो. चिंच, लिंबू आणि भांड्यांची पावडर मीन्याची झिलई खातात आणि आम्ल भेगेतून खालच्या तांब्यापर्यंत पोचतं. चांदी उजळवण्याच्या बाटलीत बुडवणंही तसंच. द्रव गाठीच्या पोकळीत शिरतो आणि आतून हिरवं उगवू लागतं. कोकण-गोव्याच्या दमट हवेत तर ते फार लवकर उगवतं. सुटे केलेले, मीना नसलेले तुकडे शुद्ध केलेल्या पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब घालून मऊ सुती कापडाने टिपा, स्वच्छ पाण्याने पुन्हा टिपा, लगेच कोरडे करा आणि पंख्याखाली रात्रभर ठेवून मगच जोडा. मीन्याच्या तुकड्यावर कोरडा मऊ कुंचला फिरवा, आणि मीना हलत असेल तर तेवढंही नको. नंतर आम्लमुक्त कागदात गुंडाळून सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. रबर बँड आणि वर्तमानपत्र जवळ नकोत. रबरातलं गंधक चांदीवर काळा पट्टा उमटवतं.