मापाचंही लिहा ना
कुरआनच्या शिकवणीवरच्या तुमच्या लेखात सब्र (संयम) आणि नमाजवर छान लिहिलंय, पण रोजच्या धंद्याचं राहूनच गेलं. कुरआनातली ८३वी सूरा (अध्याय), अल-मुतफ्फिफीन, सुरूच होते मापात पाप करणाऱ्यांपासून: घेताना पुरेपूर घेतात, देताना कमी देतात. आमचे अब्बा नागपूरच्या इतवारी बाजारात संत्री विकायचे. डझनात एखादं नरम दिसलं की वरून एक टाकायचे, न सांगता. गिऱ्हाईक म्हणायचं, चाचा, मोजायला चुकले वाटते! माझं मोमिनपुऱ्यात किराणा दुकान आहे. काट्यावर पिशवीचं वजन धरायचं की नाही, माझी परीक्षा तिथेच होते (रमजानच्या गर्दीत तर जास्तच). आणि ४९व्या सूरेत पाठीमागची निंदा म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं म्हटलंय. त्यात मात्र मी रोज नापास. दुकानात गप्पाच तशा रंगतात ना.