लहानपणच्या बॉन्डबद्दल, एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे, पण तो राग मूळ पुस्तकांवरच्या प्रेमातून आलाय हे दिसतं. म्हणून दोन ओळींत तिची बोळवण करावीशी वाटली नाही.

मोठ्यांच्या कादंबऱ्यांतल्या गाजलेल्या नायकांच्या लहानपणावर कुमारवयीन वाचकांसाठी जी प्रीक्वेल, म्हणजे मूळ कथेच्या आधीचा काळ सांगणारी पुस्तकं, लिहिली जातात, त्यांचं मी कौतुक केलं होतं. तुमचं म्हणणं असं की हा निव्वळ धंदा आहे, बालपण उलगडून सांगितलं की नायकातलं गूढ संपतं, आणि दारू, बायका, खून वगळल्यावर उरतो तो बॉन्ड नव्हेच. शिवाय तुमच्या तेरा वर्षांच्या पुतण्याचा दाखला दिलात. त्याने लहानपणच्या बॉन्डची पुस्तकं अधाशासारखी वाचली आणि मग मोठ्यांसाठीची मूळ बॉन्ड कादंबरी 'कसिनो रोयाल' अर्ध्यात टाकून दिली.

धंद्याचं आधी उरकतो. हो, धंदा आहे. लहानपणच्या बॉन्डच्या मालिकेसाठी लेखक चार्ली हिग्सनला बॉन्डचा जनक इयान फ्लेमिंगच्या पुस्तकांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीनेच गाठलं आणि २००५ साली 'सिल्व्हरफिन' आलं. अँड्र्यू लेनच्या मालिकेतल्या चौदा वर्षांच्या शेरलॉक होम्सलाही (२०१०) होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांच्या वारसदारांची संमती होती. पण खुद्द डॉयल मासिकांसाठी मानधन घेऊनच लिहीत होते. पुस्तक कुणी लिहून घेतलं यावरून ते चांगलं की वाईट हे ठरत नाही, ते वाचूनच ठरवावं लागतं.

गूढ संपतं, हा तुमचा मुद्दा मात्र खरोखर विचार करण्याजोगा आहे. त्यासाठी तुम्हाला एका जुन्या कथेकडे नेतो. होम्सचं पहिलं प्रीक्वेल डॉयलनेच लिहिलंय, १८९३ साली. 'द ग्लोरिया स्कॉट'. होम्स नामांकित झाल्यावर डॉयल मागे वळले आणि त्याला कॉलेजात नेऊन बसवलं. दोन वर्षांत त्या पोराला मित्र मिळतो तो एकच, व्हिक्टर ट्रेव्हर, आणि तोही कसा, तर ट्रेव्हरच्या कुत्र्याने घोटा धरला, दहा दिवस पडून राहावं लागलं आणि ट्रेव्हर विचारपूस करायला येऊ लागला म्हणून. पुढे सुट्टीत होम्स मित्राच्या घरी जातो. रात्रीचं जेवण झालंय, मित्राचे वडील हसत हसत म्हणतात, माझ्याबद्दल काय ओळखता येतं ते सांग बघू. होम्स सांगत सुटतो. तुम्हाला वर्षभर हल्ल्याची भीती वाटतेय, तरुणपणी तुम्ही बॉक्सिंग केलंय, खोदकाम केलंय. आणि मग, 'जे. ए.' अशी आद्याक्षरं असलेल्या कुणाशी तुमचा फार जवळचा संबंध होता आणि पुढे ती व्यक्ती तुम्हाला कायमची विसरायची होती. म्हातारा सावकाश उठून उभा राहतो, त्याच्याकडे टक लावून बघतो आणि टेबलावर पसरलेल्या अक्रोड-बदामांच्या टरफलांत तोंडावर कोसळतो.

शुद्धीवर आल्यावर तोच म्हातारा होम्सला सांगतो की हाच तुझा व्यवसाय व्हायला हवा. तोवर होम्ससाठी हा सगळा नुसता छंद होता. पण त्या दिवसापासून म्हाताऱ्याच्या वागण्यात संशय येतो, आपल्यामुळे घरात अवघडलेपण आलंय हे होम्सच्या लक्षात येतं आणि तो मुक्काम आवरता घेतो.

आता सांगा, यात गूढ कमी झालं का? होम्सची बुद्धी कुठून आली हे डॉयल सांगतच नाहीत. ती आहेच. नसतं ते तिचं भान. आपल्या चार वाक्यांनी समोरचा माणूस उन्मळून पडू शकतो, हे त्या पोराला आधी माहीत नव्हतं. माझ्या मते चांगल्या प्रीक्वेलचं काम एवढंच आहे. नायक असा का झाला याचा खुलासा करत बसायचं नाही, तर त्याला अजून काय कळलेलं नाही ते दाखवायचं.

म्हणूनच लेनच्या मालिकेत मला खटकतं ते तुम्हालाही खटकेल. तिथे एमियस क्रो नावाचा अमेरिकन शिक्षक शेरलॉकला निरीक्षण कसं करायचं ते शिकवतो. कथा वेगवान आहे, पण होम्सची पद्धत दुसऱ्याने हातात दिलेली वस्तू होऊन बसते. अशा पुस्तकांबद्दल तुमची तक्रार मला मान्य आहे. ती अख्ख्या प्रकारावर लादणं मान्य नाही.

आता बॉन्ड. फ्लेमिंगने त्याचं लहानपण जवळपास रिकामंच ठेवलं होतं. १९६४ च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये बॉन्ड मेला असं समजून त्याचा वरिष्ठ एम मृत्युलेख लिहितो, त्यात काय ते थोडंफार कळतं. बाप स्कॉटिश, आई स्विस, बॉन्ड अकरा वर्षांचा असताना दोघंही गिर्यारोहणाच्या अपघातात गेले. आत्याने सांभाळलं. ईटन या शाळेत घातलं, पण तिथे तो टिकला नाही. मुलांच्या खोल्या सांभाळणाऱ्या एका मोलकरणीवरून काहीतरी भानगड झाली म्हणे.

हे भानगडीचं वाक्य नीट बघा. मोठ्या वाचकाने गालातल्या गालात हसावं म्हणून ते आहे. ती मोलकरीण कोण, तिला काय हवं होतं, तिचं पुढे काय झालं, याची कुणालाच फिकीर नाही. हिग्सनला मुलांसाठी लिहिताना हा डोळा मारणं शक्य नव्हतं. मग त्याने काय केलं? ईटन सुटण्याचा प्रसंग पाचव्या कादंबरीपर्यंत (२००८) राखून ठेवला आणि त्या मोलकरणीला रोआन हे नाव दिलं, स्वतःची राजकीय मतं दिली, एक गुपित दिलं. मुलाचा तिच्यावर जीव जडतो आणि शाळा सुटण्यामागे राजघराण्यापर्यंत पोचणारा कट निघतो. तुम्ही याला सोवळं करणं म्हणता. मला तर उलट दिसतं. फ्लेमिंगने अर्ध्या वाक्यात उडवून लावलेल्या बाईला माणूसपण मिळालं, आणि ते मिळालं लेखकावर मुलांसाठी लिहिण्याचं बंधन होतं म्हणून. जीन ऱ्हिसने 'जेन एअर' या कादंबरीतल्या, माळ्यावर कोंडलेल्या बायकोला १९६६ साली जमैकातलं बालपण दिलं, ते याच जातीचं काम. ते मोठ्यांसाठी आहे आणि साहित्य म्हणून कितीतरी वरचं आहे, हे कबूल.

हिंसेबद्दल म्हणाल, तर 'सिल्व्हरफिन'च्या सुरुवातीलाच एक मुलगा तळ्यातल्या वाम माशांच्या तावडीत सापडतो. मला ते पान शांतपणे वाचता आलं नव्हतं. आणि बॉन्ड जिवंत राहणार हे आधीच माहीत असतं, अशी तक्रार कुणी केली, तर ती मूळ मालिकेबद्दलही करता येते. भीती त्याच्या आजूबाजूच्यांसाठी वाटते.

राहता राहिला तुमचा पुतण्या. १९५३ च्या 'कसिनो रोयाल'मध्ये पत्त्यांचा लांबलचक डाव आहे, बूड काढून टाकलेल्या खुर्चीत बसवून केलेला छळ आहे आणि बॉन्ड जिच्या प्रेमात पडतो त्या व्हेस्परचं प्रकरण आहे. तेरा वर्षांच्या मुलाने ते खाली ठेवलं यात लहानपणच्या बॉन्डचा काय दोष? त्याला अजून चारेक वर्षं त्या पुस्तकापासून लांबच राहू द्या. दरम्यान पुढचं पुस्तक मागत असेल तर त्याला 'ग्लोरिया स्कॉट' द्या. तासाभरात वाचून होते, आणि तो टरफलांचा प्रसंग त्याला कसा वाटला ते मला जरूर कळवा.