न दिसणाऱ्या अक्षराची वर्गणी

आमच्या सोसायटीत गणपतीचा हिशेब माझ्याकडे असतो. बाकीच्यांना बरोबर श्रावणात आजारी पडता येतं, मला जमत नाही, एवढंच.

यंदा सभासदांची यादी एका फाइलीत आणि वर्गणी दुसऱ्या. एका यादीतलं नाव दुसरीत शोधून देणारं व्हीलुकअप लावलं. सगळे जुळले, कुलकर्णी जुळेनात. इकडे कुलकर्णी, तिकडे कुलकर्णी, वेलांटीसुद्धा दोन्हीकडे दुसरीच. तरी कॉम्प्युटरचं म्हणणं, हे गृहस्थ इथे राहतच नाहीत. (सभेत ते बोलायला उठले की मलाही तशी आशा वाटते.) शेवटी नावाची लांबी मोजली. क, उकार, ल, क, र, हलन्त, ण, वेलांटी. आठ. कॉम्प्युटर म्हणतो नऊ.

नववं कोण?

"मामा, नाव कुठून तरी कॉपी केलंस ना? शून्य रुंदीची स्पेस चिकटली असणार," भाचा फोनवर म्हणाला. रुंदी शून्य असलेली जागा! मुंबईत बिल्डरला कळली तर विकेल. जास्तीच्या स्पेस छाटणारं ट्रिम करून पाहिलं, ढिम्म. कॉम्प्युटरात प्रत्येक अक्षराला नंबर असतो. ट्रिम फक्त ३२ नंबरची साधी स्पेस ओळखतं, ही बया ८२०३ नंबरची.

"मग रेगेक्स मार," भाचा म्हणाला. आई 'हळद लाव' म्हणायची, त्याच सुरात. रेगेक्स म्हणजे साचा सांगून अक्षरं शोधायचं सूत्र. ३२ ते १२६ नंबर सोडून बाकी सगळं उडवायचं. उडवलं. मराठी अक्षरं २३०४ पासून सुरू होतात, हे मला नंतर कळलं. यादीत उरले फ्लॅट नंबर, स्वल्पविराम आणि इंग्रजीत नाव लिहिणारे एकटे डिसूझा.

दुसरा डोस. युनिकोडमध्ये, म्हणजे या नंबरांच्या जागतिक यादीत, अशा छुप्या मंडळींचा 'सी' नावाचा वर्गच आहे म्हणे. तो अख्खा काढायचा. काढला, तर ओळ संपवणारी खूणही त्याच वर्गातली निघाली आणि अख्खी यादी एकाच ओळीत अखंड हरिनामासारखी वाहू लागली. अनडू केलं, ओळींना अभय दिलं, पुन्हा मारलं. कुलकर्णी जुळले! आनंदाच्या भरात तोच झाडू खर्चाच्या फाइलीवरही फिरवला, प्रिंट काढल्या, पावत्या वाटल्या.

सभेत पहिला प्रश्न कुलकर्ण्यांचाच. "महाप्रसादाच्या दिवशी आचार्यांना पाच हजार दिले? कोण आचार्य? प्रवचन कधी झालं?"

मी कागद पाहिला. आचाऱ्यांचे आचार्य झाले होते. पायऱ्यांच्या पायर्या, दुसऱ्या मजल्याचा दुसर्या. माझ्या जुन्या कीबोर्डवर 'ऱ्य'मधला तो आडवा र जागेवर धरून ठेवायला र आणि हलन्तापुढे एक न दिसणारा जोडणारा लागतो. त्याचा नंबर ८२०५. चोर ८२०३ मध्ये, हा सज्जन एक घर सोडून पलीकडे, आणि मी अख्खी चाळ रिकामी केली होती. आधार गेला तसा र उडी मारून य च्या डोक्यावर जाऊन बसला.

आता फक्त ८२०३ काढतो. आडव्या र साठी खाली टिंब असलेला ऱ वापरतो. त्याला हलन्त पुरतो, अदृश्य मदतनीस लागत नाही. दिसायला दोन्ही सारखेच, त्यामुळे आता 'पायऱ्या' शोधल्या की निम्म्याच सापडतात. त्याचं पुढच्या वर्षी बघू.

आचारी मात्र खूश आहे. पावती लॅमिनेट करून त्याने टेम्पोच्या काचेवर लावलीय, आणि दर हजाराने वाढवलाय.