महिना आधी दिसला की साइट फेक, असं कोण म्हणालं?

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून एक फॉरवर्ड फिरतोय. ऑनलाइन फॉर्ममध्ये तारखेच्या खान्यात आधी एमएम (महिना) आणि मग डीडी (दिवस) दिसलं तर साइट फेक किंवा परदेशातली समजा, तरी भरायचाच असेल तर बिनधास्त आपल्या पद्धतीने दिवस आधी टाका, साइट समजून घेते. आणि शेवटी टोमणा, हा सगळा डेव्हलपर लोकांचा आळस. मी ऐरोलीला दिवसभर असले फॉर्मच बनवतो, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी फेकचं बघू. तो कॅलेंडरवाला खाना बऱ्याचदा साइट नाही, ब्राउझर (क्रोम वगैरे) काढतो. साइट फक्त सांगते की इथे तारीख घे, मग दिवस आधी की महिना आधी हे तुमच्या ब्राउझरची भाषा आणि काही ठिकाणी कॉम्प्युटरचं रिजन सेटिंग बघून ठरतं. म्हणजे एकच साइट तुमच्याकडे ‘परदेशी’ आणि समोरच्या फ्लॅटमध्ये ‘भारतीय’. फेक ओळखायची तर वरचा पत्ता नीट वाचा की राव.

दुसरा सल्ला मात्र खरंच गोत्यात आणणारा आहे. साइट काहीही समजून घेत नाही. ७ जून २०११ ला जन्मलेल्या पोराची तारीख महिना-आधीवाल्या खान्यात ०७/०६ अशी टाकलीत की ती ६ जुलै झाली, लाल अक्षरात काही येत नाही, फॉर्म पुढे जातो. २५ ऑगस्ट २०११ असेल तर अजून मजा. क्रोममध्ये महिन्याच्या जागी २ दाबला की तो फेब्रुवारी धरून स्वतःच पुढे सरकतो, ५ दिवसात जातो, आणि उरलेले आकडे वर्षात, कारण साइटने मर्यादा घातली नसेल तर तिथे सहा आकडे मावतात. वर्ष ८२०११! निदान हे डोळ्यांना दिसतं तरी, ६ जुलै दिसतच नाही.

आळसाचं म्हणाल तर, या खान्याचा दिसणारा फॉरमॅट बदलायची सोयच एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपेज ज्या भाषेत लिहितात तिच्यात, नाहीये. आत मात्र सगळ्यांची तारीख एकाच साच्यात जाते, २०११-०६-०७, वर्ष-महिना-दिवस, स्क्रीनवर काहीही दिसो. अर्थात आमची बाजू अगदी धुतल्या तांदळासारखी नाही हां. जन्मतारखेला कॅलेंडर देणंच चूक, तीन वेगळे खाने द्यावेत, ब्रिटिश सरकारच्या साइट्स तसंच करतात. आणि सेव्ह केल्यावर तारीख एक दिवस मागे दिसली तर ती बहुतेक आमचीच चूक, इथल्या रात्रीच्या १२ ला यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा असतात, कोणीतरी ते विसरलेलं असतं.

काल तिसऱ्या मजल्यावरचे काका लॅपटॉप घेऊन वर आले, नातवाच्या क्लासचा फॉर्म, “बघ, फेक आहे ना?” मी सेटिंग्जमध्ये जाऊन भाषा इंग्लिश युनायटेड स्टेट्सची इंग्लिश इंडिया केली, क्रोम बंद करून परत उघडलं. साइट तीच, खान्यात दिवस आधी. काकांनी चष्मा वर केला, दोनदा बघितलं आणि म्हणाले, “मग मी सकाळपासून बारा जणांना पाठवलं त्याचं काय करू?”