गाईडला रामायण शिकवायला अंगकोरला चला

कंबोडियात सिएम रीपला जायचं ठरलंय म्हणता? अभिनंदन. गावापासून पाच-सहा किलोमीटरवर अंगकोर वाट, त्याच्या पुढे अंगकोर थोम, आणि आजूबाजूच्या चारशे चौरस किलोमीटरांत विखुरलेली असंख्य देवळं. एवढं सगळं असताना काहीही न बघता परत यायचं म्हणजे येरागबाळ्याचं काम नाही. त्याला नियोजन लागतं. मी नुकतीच आपल्या माणसांच्या ग्रुपबरोबर जाऊन ते नियोजन जवळून पाहून आलेय, तेव्हा चार गोष्टी हक्काने सांगते.

आधी तारखा. मुलांच्या परीक्षा संपल्या की एप्रिलअखेरीलाच निघा. तिथला सगळ्यात कडक उन्हाळा नेमका तेव्हाच असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते खरी, पण मग देवळात दोन तास उभं राहवतं, आणि उभं राहवलं की बघावं लागतं.

विमानतळ गावाला लागूनच आहे असं मेहुण्यांनी सांगितलंय ना? ठेवा विश्वास. ते 2015 साली जाऊन आलेत. 2023 च्या ऑक्टोबरात नवा विमानतळ सुरू झाला आणि तो चाळीस-पन्नास किलोमीटर लांब आहे, ही माहिती रात्री टॅक्सीवाल्याशी भांडतानाच मिळालेली बरी.

डॉलरच्या नोटा जरा फाटलेल्या, कोपऱ्यावर पेनाने काहीतरी लिहिलेल्या अशाच न्या. तिथे कोणी घेत नाही, त्यामुळे खर्च आटोक्यात राहतो.

देवळं बघायचा पास एकाच दिवसाचा काढा. एका दिवसाचे 37 डॉलर, तीन दिवसांचे 62 आणि सात दिवसांचे 72. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कधीही वापरता येतो, पण "देवळं सगळी सारखीच हो" हे वाक्य आपल्या ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणतंच, आणि ते म्हटलं की 25 डॉलर वाचतात. वाचलेले 25 डॉलर संध्याकाळी पब स्ट्रीटवर पायाच्या मसाजला आणि हत्तीच्या चित्रांच्या विजारींना पुरतात. त्याच विजारी दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोत येतात. देवळं आली नाहीत तरी चालेल.

सूर्योदय मात्र चुकवू नका. अंगकोर वाट पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे सूर्य बरोबर शिखरांच्या मागून वर येतो आणि डावीकडच्या तळ्यात सगळं उलटं दिसतं. पहाटे पाचला काठावर जागा धरा, फोटो काढा, आणि सूर्य पुरता वर यायच्या आत हॉटेलवर पळा, कारण ब्रेकफास्ट इन्क्लुडेड आहे. त्याच वेळी आतल्या गॅलऱ्या जवळजवळ रिकाम्या असतात आणि पूर्वेकडून तिरपा उजेड समुद्रमंथनाच्या कोरीव चित्रावर पडतो. ती जवळपास पन्नास मीटरची एकच सलग भिंत आहे. वासुकी ओढणाऱ्या देव-असुरांच्या रांगा, मध्ये विष्णू, आणि खाली रवीच्या जवळ आलेले मासे आणि मगरी घुसळणीत चिरफळून दोन तुकडे झालेले. कोरणाऱ्याला ते सुचलं, हे बघून मी तिथेच उभी राहिले. बसमधून फोन आला, "अहो, इडली संपतेय."

जेवायला इंडियन रेस्टॉरंट शोधा. अमोक नावाचा तिथला पदार्थ नारळाच्या दुधात शिजवलेला मासा असतो, केळीच्या पानात देतात. अस्सल मालवणी माणसाने तो पाहून नाक मुरडलेलं मी पाहिलंय. पनीर बटर मसाला मात्र ठीक होता म्हणे.

लहान मुलं चुंबक आणि पोस्टकार्डं विकायला येतील, "वन डॉलर, वन डॉलर" करत. त्यांच्याकडून विकत घेऊ नका असं तिथलं प्रशासनच सांगतं, कारण विक्री होत राहिली की ती शाळेत जात नाहीत. पण तुम्ही घ्या. आणि घासाघीस करून एका डॉलरला तीन घ्या. आठ वर्षांच्या पोराला हरवलं हे घरी सांगायला बरं.

बायोन नावाच्या देवळातल्या दगडी चेहऱ्यांच्या नाकाला नाक लावून फोटो काढाच. तो अजून कोणी काढलेला नाही.

बाफुऑनच्या देवळासमोर उभं राहून "यांनी नीट सांभाळलं नाही हो" असं म्हणा. फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी ते देऊळ दुरुस्तीसाठी 1960 पासून दगड-दगड उतरवलं होतं. यादवी सुरू झाली, काम थांबलं, कोणता दगड कुठला याचे कागद ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात नष्ट झाले. जवळपास तीन लाख दगड जंगलात पसरलेले. 1995 मध्ये काम पुन्हा सुरू झालं आणि 2011 मध्ये देऊळ उभं राहिलं. पण हे तुम्ही वाचू नका, वाक्य वाया जाईल.

आता मुख्य मुद्दा. गाईड. गाईड घ्याच, कारण त्याला शिकवायला कोणीतरी हवं.

आमचा गाईड साठीला टेकलेला होता. इंग्रजी शांत, शब्द शोधून बोलणारा. पश्चिमेच्या गॅलरीत कुरुक्षेत्राच्या भिंतीपाशी त्याने सुरुवात केली, "हा भीष्म, बाणांवर..." आणि आमच्यातले एक काका पुढे झाले. "ब्रदर, ब्रदर. वी नो. धिस इज अवर स्टोरी." मग त्यांनी त्याला महाभारत सांगितलं. शंतनूपासून. काकू मोबाईलवर रेकॉर्ड करत होत्या. गाईड हात बांधून ऐकत राहिला. त्याला या भिंतीवर कोण कुठे आहे हे पाठ होतं, काकांना भीष्म कुठे आहे तो दाखवायलासुद्धा गाईडच लागला होता. बोलता बोलता काकांनी कोपर कौरवसेनेवर टेकवलं. दगड तिथे हात लागून लागून तुळतुळीत झालाय. बरोबर आहे, आपलीच सेना, टेकायला काय हरकत.

पुढे लंकेच्या युद्धाशी तो म्हणाला, आमच्या रामायणाला रिआमकेर म्हणतात, त्यात हनुमान सेतू बांधत असताना सुवर्णमत्स्या नावाची जलकन्या त्याला भेटते आणि दोघं प्रेमात पडतात. झालं. "इम्पॉसिबल! हनुमान इज ब्रह्मचारी!" काका लाल. भर गॅलरीत, चिनी, कोरियन, फ्रेंच लोक थांबून बघतायत, आणि आमचे काका कंबोडियाच्या माणसाला कंबोडियाची गोष्ट चुकीची आहे हे पटवतायत. "रॉंग इन्फर्मेशन देऊ नका टूरिस्टला" हे शेवटी मराठीतच म्हणाले. आपल्याकडे मकरध्वज आहे, मगरीच्या पोटी जन्मलेला मारुतीचा मुलगा, लहानपणी आजीने सांगितलेला. पण तो काकांच्या फॉरवर्डमध्ये आला नसावा. गाईड हसून "सॉरी सर" म्हणाला. सॉरी! त्याच्या देशात, त्याच्या देवळात, त्याच्या पूर्वजांनी कोरलेल्या भिंतीसमोर!

दक्षिणेच्या भिंतीवर तो आम्हाला सूर्यवर्मन दाखवणार होता. हे देऊळ ज्याने बाराव्या शतकात बांधलं तो राजा, छत्र्यांच्या गर्दीत, त्याचं सगळं सैन्य, आणि त्यात शिस्त सोडून चालणारे परके सैनिक, जे सयामी असावेत असं अभ्यासक म्हणतात. तिथे कोणी थांबलं नाही. राम नाही, कृष्ण नाही, मग काय बघायचं? टुकटुकमध्ये बसताना तो सहज म्हणाला, ख्मेर रूजचा म्होरक्या पोल पॉट, त्याच्या काळात वडिलांना नेलं, मी लहान होतो, ते परत आले नाहीत. काका म्हणाले, "ओह. व्हेअर इज लंच?"

आता उपरोध बिपरोध बाजूला ठेवते. अहो, ते आपलं नाही. कोणी भारतीय राजा सैन्य घेऊन तिकडे गेला नव्हता. तिथल्या ख्मेर राजांनी विष्णू घेतला, शिव घेतला, संस्कृत घेतली, त्यात शिलालेख लिहिले, आणि दगड मात्र स्वतःच्या माणसांकडून स्वतःच्या हिशोबाने कोरून घेतला. जयवर्मन सातव्याने 1186 मध्ये आईसाठी ता प्रोम हे देऊळ बांधलं, ते बौद्ध होतं. आपलं म्हणायचंच असेल तर तिथली भिंत सावरायला आपलं पुरातत्त्व खातं वर्षानुवर्षं खपलंय, त्याचा फलक बाहेर लावलाय, तो तरी वाचायचा होता. कोणी वाचला? झाडाच्या मुळांत बसून फोटो काढायची रांग होती.

घरी महाभारत माहीत आहे याचा अर्थ तिथली भिंत माहीत आहे असा होत नाही. जाणार असाल तर तीन दिवसांचा पास काढा, पहाटे हॉटेलवर पळू नका, खांदे आणि गुडघे झाका, भिंतीला हात लावू नका. गाईड बोलतोय तोवर तोंड बंद ठेवा, सुवर्णमत्स्या ऐकून घ्या, काही बिघडत नाही मारुतीचं. आणि निघताना त्या माणसाला नीट टिप द्या. अख्ख्या ग्रुपकडून मिळून दोन डॉलर नव्हे.